परचुरे कुटी

सेवाग्राम आश्रम पाहिला नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. फर्स्ट इयरला २ ऑक्टोबरला सगळे जातातच. घरचे भेटायला आले की पुन्हा एक चक्कर होते. बापूकुटी, बा कुटी, आदि निवास, तो जुना टेलिफोन, सापाला न मारता पकडायचा चिमटा, एवढं बघून आपण बाहेर येतो आणि ऊसाचा रस पितो. आवारातच आणखी एक कुटी आहे, तिच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. पाटी वाचायची आणि पुढे जायचं. मीही तीन वर्षं तेच केलं. ती परचुरे कुटी. ज्यांच्या नावाची ती कुटी, त्या परचुरे शास्त्रींविषयी हा लेख.

त्यांचा फोटो मात्र तुम्ही नक्की पाहिलाय. गांधीजी खाली वाकून एका माणसाच्या अंगाला मालिश करताहेत, तो फोटो. फोटो कनू गांधींनी काढलेला. गांधीजींनी त्यांना फोटो काढायची परवानगी तीन अटींवर दिली होती: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही. म्हणजे त्या फोटोत जे दिसतं ते फोटोसाठी केलेलं नाही. मालिश करणारा माणूस साऱ्या जगाला माहीत आहे. ज्याच्या अंगाला मालिश चाललंय, ते परचुरे शास्त्री.

दत्तात्रय परचुरे हे संस्कृतचे पंडित. शास्त्री ही पदवी नुसती आडनावामागे चिकटलेली नव्हती, वेद-उपनिषदं त्यांना मुखोद्गत होती. अशा माणसाला त्या काळात समाजात कुठलं स्थान असेल याची कल्पना करा. पूजा सांगणारा, मुहूर्त काढणारा, ज्याच्या पायाला लोक हात लावतात असा माणूस. त्यांना कुष्ठरोग झाला. म्हणजे काल ज्याच्या पायाला हात लावत होते, आज त्याची सावलीही नको. तेव्हाचा शब्द महारोग. पूर्वजन्मीचं पाप म्हणून हा रोग होतो अशी समजूत होती, आणि ती समजूत ज्या परंपरेत वाढली त्याच परंपरेचे हे शास्त्री. बाहेरच्यांनी दूर केलं ते एक, पण आतून स्वतःलाच काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ते सत्याग्रहीही होते. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीत येरवड्याच्या तुरुंगात होते. गांधीजीही त्याच वर्षी येरवड्यात. कुष्ठरोगी कैद्यांचा विभाग वेगळा. गांधीजींना कळलं की परचुरे शास्त्री त्या विभागात आहेत. त्यांनी भेटीची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तुरुंगाचा नियमच तसा. एकाच भिंतीच्या आत दोघं, आणि मधे सरकार. मग पत्रं सुरू झाली. गांधीजी तब्येतीची विचारपूस करायचे, धीर द्यायचे. इलाज करणाऱ्याची आणि रोग्याची ही पहिली ओळख, तीही भेट न होता. आजच्या भाषेत टेलिमेडिसिन म्हणा हवं तर. फरक एवढाच की नेटवर्कचा प्रॉब्लेम नव्हता, इंग्रज सरकारचा होता.

मग सप्टेंबर आला. ब्रिटिश पंतप्रधानांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केलं. डॉ. आंबेडकरांवर त्या दिवसांत काय दडपण आलं आणि पुणे करार कुठल्या परिस्थितीत झाला, यावर आपल्या हॉस्टेलच्या कट्ट्यावर दर १४ एप्रिलला वाद होतो आणि तो व्हायलाच हवा, पण तो वेगळा विषय. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या, २६ तारखेला संध्याकाळी उपोषण सुटलं. रवींद्रनाथ टागोर आले होते, त्यांनी गाणं म्हटलं. कस्तुरबांनी संत्र्याचा रस दिला. आणि त्या प्रसंगी संस्कृत मंत्र म्हणायला होते परचुरे शास्त्री.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे सेवाग्रामात जे घडलं त्यात गांधीजी देणारे आणि शास्त्री घेणारे. पण इथे उलटं आहे. खाटेवर अशक्त पडलेले गांधीजी, आणि त्यांच्यासाठी उभा राहून मंत्र म्हणणारा हा कुष्ठरोगी कैदी. विषयही शिवाशिवीचाच. ज्याला नियमाने भेटू देत नव्हते, त्याला बाहेरच्या एका राजकीय घटनेने समोर आणून उभं केलं.

गांधीजींच्या बाजूनेही एक जुना हिशेब बाकी होता. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांच्या दारात एक कुष्ठरोगी आला होता. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पण कायमचं ठेवून घ्यायची तयारी झाली नाही, शेवटी त्याला गिरमिटिया मजुरांच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. सारवासारव केलेली नाही.

१९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. तेव्हा गावाचं नाव अजून शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडलं. रोग बळावला होता. त्यांची मागणी फार नव्हती. झाडाखाली पडून राहीन, सूत कातीन, दोन भाकरी मिळाल्या तर बास, इथे शांतपणे मरू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता इथे गांधीजींनी लगेच हो म्हटलं असतं तर गोष्ट सोपी होती. आपण अशा गोष्टी शाळेत ऐकतो तेव्हा मोठा माणूस क्षणात निर्णय घेतो. तसं झालं नाही. आश्रम म्हणजे एकट्याचं घर नव्हे. तिथे बायका होत्या, लहान मुलं होती, एकच स्वयंपाकघर होतं. उद्या कुणाला लागण झाली तर? गांधीजींना रात्रभर नीट झोप लागली नाही, असं आश्रमातल्या लोकांनी लिहून ठेवलंय. सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी विषय सगळ्यांपुढे मांडला. मला ठेवून घ्यावंसं वाटतं, पण तुमची संमती हवी, असा एकूण सूर. लोकांनी संमती दिली. सगळे मनापासून तयार होते असं म्हणणं धाडसाचं होईल, भीती अशी एका सकाळी जात नाही. पण संमती दिली, आणि शास्त्रींसाठी कुटी उभी राहिली.

मग रोजचा क्रम सुरू झाला. गांधीजी स्वतः जायचे. जखमा बघायच्या, साफ करायच्या, अंगाला मालिश करायची, काय खाल्लं, पोट साफ झालं का, झोप लागली का, सगळं विचारायचं. हातात मोजे नाहीत. गांधीजी काही डॉक्टर नव्हते. निसर्गोपचाराचं त्यांना वेडच होतं म्हणा: माती, पाणी, उपास, आहार. सुशीला नय्यर तेव्हा आश्रमात आल्या होत्या, त्या रीतसर शिकलेल्या डॉक्टर. त्यांचं आणि गांधीजींचं औषधोपचाराबद्दल प्रत्येक वेळी एकमत व्हायचंच असं नाही.

इथे इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रश्न पडणारच, मलाही पडला: मालिश करून कुष्ठरोग बरा होतो का? नाही. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, पण त्याला मारणारं औषध १९३९ साली कुणाकडेच नव्हतं. चालमोग्रा तेलाची इंजेक्शनं द्यायचे, ती दुखायची फार आणि उपयोग थोडा. हा जंतू भलताच संथ. साधे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला रोखायची ताकद मुळातच असते. म्हणजे आश्रमवासीयांना वाटत होती तेवढी भीती बाळगायचं कारण नव्हतं. पण हे आपण आज म्हणतोय.

मग मालिशचा उपयोग काय? तर उपयोग होता. हा जंतू मज्जातंतूंवर बसतो. चामडीची जाणीव जाते, घाम येत नाही, ती कोरडी पडते, भेगा पडतात, भेगेत घाण जाऊन जखम होते, ती दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. बोटं झडतात ती थेट रोगाने नव्हे, अशा न दुखणाऱ्या जखमांनी. आजही रुग्णांना शिकवतात की हात-पाय पाण्यात भिजवा, कडक झालेली चामडी घासा, तेल लावा, बोटं हलवत राहा. गांधीजी जे करत होते त्यातला बराच भाग हाच. आणि ज्याला अनेक वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्याला रोज कुणीतरी हात लावत होतं, याचा काय परिणाम झाला असेल ते कुठल्या मीटरवर मोजणार? शास्त्रींची तब्येत सुधारली. हिंडू-फिरू लागले. मग गांधीजींनी त्यांना कामाला लावलं. आश्रमातल्यांना ते संस्कृत शिकवू लागले. झाडाखाली मरायला आलेला माणूस मास्तर झाला.

आता बाहेर काय चाललं होतं ते बघा. १९३९ च्याच सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध पेटलं. भारताला न विचारता व्हाइसरॉयने भारतालाही युद्धात ओढलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. वर्ध्याच्या स्टेशनवर रोज कुणी ना कुणी पुढारी उतरायचा. वर्किंग कमिटीच्या बैठका वर्ध्यात. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा उभे राहिले, इथल्याच पवनारला. देशाचं राजकारण आपल्या जिल्ह्याच्या या चार गावांतून चाललं होतं, आणि त्याच्या मधोमध एका कुटीत एक रोगी रोज सकाळी एका माणसाची वाट बघत होता.

एक गोष्ट आश्रमात हमखास सांगितली जाते. गांधीजी सिमल्याला व्हाइसरॉयशी बोलणी करायला गेले होते. लंडनहून उत्तर यायला आठवडाभर लागणार होता. बरोबरच्यांना वाटलं, तोवर इथेच थांबू, थंड हवा आहे, तेवढाच आराम. गांधीजी परत निघाले. एवढ्या लांबचा प्रवास कशाला, असं विचारल्यावर त्यांनी परचुरे शास्त्रींची आठवण करून दिली. तिकडे रोगी आहे, त्याचं मालिश राहिलंय. सिमला ते वर्धा, तेही उन्हातून, रेल्वेच्या थर्ड क्लासने. ऐकताना आपण वा म्हणतो. पण मला यात दुसरीही बाजू दिसते. रोगी एकाच माणसावर अवलंबून असला आणि त्या माणसाला सारा देश ओढत असला तर काय होतं? आठवडाभराचा खाडा भरून काढता येतो. वर्षाचा कसा भरून काढणार?

तीच वेळ आली. १४ जुलै १९४२ ला वर्किंग कमिटीने वर्ध्यात ठराव केला. ऑगस्टच्या सुरुवातीला गांधीजी मुंबईला गेले. ९ ऑगस्टच्या पहाटे अटक, आणि थेट आगाखान पॅलेस. आपल्याकडे १६ ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला कैदेतच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या, त्याही तिथेच. गांधीजी ६ मे १९४४ ला सुटले आणि सेवाग्रामला परतायला ऑगस्ट उजाडला. दोन वर्षं. रोज सकाळी येणारा माणूस दोन वर्षं आला नाही.

यात कुणाचा दोष नाही. गांधीजी रोग्याला विसरले असं नाही, आणि देश बाजूला ठेवून त्यांनी मालिश करत बसावं असंही कुणी म्हणणार नाही. येरवड्यात दोघं एका भिंतीच्या आत होते. आता भिंतीच्या आत एकच होता.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, लेखात बसत नसली तरी. सेकंड इयरला माझ्या रूम पार्टनरला कांजण्या झाल्या. पहिले दोन दिवस मी त्याचं सगळं केलं. मेसमधून डबा आणला, पाणी आणलं, खाजवू नको म्हणून ओरडलो. मला लहानपणी कांजण्या होऊन गेलेल्या, मला धोका नव्हता. मग परीक्षेचं वेळापत्रक लागलं. विंगमधली पोरं म्हणाली, तू आमच्या रूममध्ये अभ्यासाला येणार असशील तर तिकडे जाऊ नको. मी पुस्तकं उचलली आणि दुसऱ्या रूममध्ये राहायला गेलो. डबा दाराबाहेर ठेवून दार वाजवून निघून यायचो. तो घरी गेला तेव्हा मी लायब्ररीत होतो. नंतर तो काही बोलला नाही, आजही आम्ही एकत्र चहा पितो. पण आश्रमातल्या लोकांना प्रार्थनेनंतर विचारलेला तो प्रश्न वाचला तेव्हा मला माझी विंग आठवली. मला रोगाची भीती नव्हतीच. मला पोरांची भीती होती, आणि मॅथ्स-थ्रीची.

परत शास्त्रींकडे. वर्ध्याच्या जवळ दत्तपूर आहे. तिथे मनोहर दिवाण नावाचे विनोबांचे साथी होते. नालवाडीला विनोबा राहायला आल्यावर आजूबाजूच्या खेड्यांत कुष्ठरोगी किती आहेत हे या मंडळींच्या लक्षात आलं. मनोहरजींनी ठरवलं की आपण हेच काम करायचं. आई तयार नव्हती, कुठली आई होईल? विनोबांनी तिची समजूत काढली. १९३६ साली दत्तपूरला महारोगी सेवा मंडळ सुरू झालं. तिथे रुग्ण शेती करायचे, सूत कातायचे, भीक मागत नव्हते. भारतात तेव्हा कुष्ठरोग्यांची सेवा मुख्यतः ख्रिस्ती मिशनरी करत. भारतीय माणसाने प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून गांधीजींनी मनोहरजींच्या कामाचा खास उल्लेख रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत केलाय. आणि गंमत म्हणजे १९४१ मध्ये ती पुस्तिका निघाली तेव्हा कुष्ठसेवेचं कलम तिच्यात नव्हतं, नंतरच्या सुधारलेल्या आवृत्तीत आलं. खादी, दारूबंदी, स्त्रिया, शेतकरी, विद्यार्थी यांच्या ओळीत कुष्ठरोगी आले. त्या बदलामागे परचुरे कुटीतल्या सकाळी नव्हत्या असं मला तरी म्हणवत नाही.

रोगाने पुन्हा उचल खाल्ली आणि परचुरे शास्त्रींचे शेवटचे दिवस दत्तपूरला मनोहरजींच्या देखरेखीखाली गेले. १९४५ साली ते वारले. सेवाग्रामहून दत्तपूर काही फार लांब नाही. पण मला हे अंतर महत्त्वाचं वाटतं. एकीकडे जगप्रसिद्ध माणूस, ज्याला वेळ मिळेल तेव्हा तो जीव ओतणार. दुसरीकडे ज्याचं नाव आज वर्ध्यातल्या पोरांनाही माहीत नाही असा माणूस, जो रोज तिथे असणार. रोग्याला दोन्ही मिळाले, हे त्याचं नशीब.

आणखी एक गोष्ट वेळेची. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात १९४१ साली प्रोमिन नावाचं औषध वापरायला सुरुवात झाली, आणि जंतूवर खरंच परिणाम करणारं औषध पहिल्यांदाच माणसाच्या हाती आलं. त्याच गटातलं डॅप्सोन पुढे आलं, गोळीच्या रूपात, स्वस्त. पण आपल्याकडे ते सर्रास मिळेपर्यंत स्वातंत्र्य मिळून गेलं होतं. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात सुरू झालं, आणि डॉ. वारदेकरांनी रुग्ण येण्याची वाट न बघता घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि डॅप्सोनच्या गोळ्या अशी पद्धत बसवली. सेवाग्रामच्या आजूबाजूच्या खेड्यांतच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन औषधांचा एकत्र उपचार आला, तोही देशात पहिल्यांदा ज्या थोड्या जिल्ह्यांत वापरला त्यात वर्धा होता. आता सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शास्त्री आणखी सात-आठ वर्षं जगले असते तर!

कुष्ठरोग्यांना वेगळं डांबून ठेवायची परवानगी देणारा १८९८ चा कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढायला २०१९ उजाडलं. गोळीला जेवढा वेळ लागला त्याहून कितीतरी जास्त.

गांधीजींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडलं, ते पुन्हा आले नाहीत. कुटी राहिली. गेल्या महिन्यात सबमिशन संपल्यावर मी परत गेलो, या वेळी रूम पार्टनरला घेऊन. मातीची भिंत, कौलं, सारवलेली जमीन, आपल्या हॉस्टेलच्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. बापूकुटीपासून चालत गेलो तर मिनिटसुद्धा लागत नाही. त्याने विचारलं, इथे काय आहे बघायला? मी त्याला फोटोची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ आत डोकावून बघत होता. मग म्हणाला, रस प्यायचा का?